घसारा शंभर टक्के

कलासमीक्षा करायला नेमकं काय लागतं, याची मी एकदा चौकशी केली होती. दाढी, खांद्याला शबनम आणि समोरच्या वस्तूकडे पाहत बराच वेळ काहीही न बोलण्याची तयारी, एवढं पुरतं असं कळलं. दाढी मला शोभत नाही असं घरच्यांचं मत आहे आणि शबनममध्ये डब्यातली आमटी सांडते. पण समोर पाहत गप्प बसून राहण्याचा मला वीस वर्षांचा सराव आहे, कारण मी बँकेत काउंटरला बसतो. शिवाय मी बी.कॉम. आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की ती किती वर्षं टिकेल, दर वर्षी किती झिजेल आणि शेवटी भंगारात तिचे किती येतील, हे तीन प्रश्न माझ्या मनात आपोआप उभे राहतात. या झिजेला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. चित्रकार मंडळी वस्तूचं सौंदर्य पाहतात, आम्ही घसारा पाहतो. बहुतेक समीक्षकही तेच करतात, फक्त ते त्याला दुसरं काही तरी म्हणतात.

तेव्हा अधिकाराचा प्रश्न मिटला असं धरून मी मुद्द्याकडे येतो. ज्या कलाकृतींबद्दल मला लिहायचं आहे त्या जुन्नरच्या आमच्या गल्लीत वसुबारसेच्या आधी दोन-चार दिवस प्रकट होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत नाहीशा होतात. त्यांचे कर्ते सात ते तेरा वयोगटातले असतात, त्यांच्या नावावर कुठल्याही बँकेत खातं नसतं आणि त्यांचे गुडघे कायम चिखलाने माखलेले असतात. कलाकृतीचं नाव किल्ला.

आता दिवाळीच्या किल्ल्याला कलाकृती म्हणायचं म्हणजे जरा जास्तच झालं, असं मलाही वाटत असे. पण माझा भाचा पुण्याला कलामहाविद्यालयात शिकतो. तो दिवाळीला आला, ओट्याशेजारचा किल्ला त्याने तीन बाजूंनी पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मामा, हे इन्स्टॉलेशन आहे." मी दचकलो. बँकेत इन्स्टॉलेशन म्हणजे यूपीएस बसवायला माणूस येणं, आणि त्यानंतर दोन दिवस व्यवहार ठप्प. भाच्याने खुलासा केला की मराठीत याला मांडणशिल्प म्हणतात, आणि टिकू नये म्हणूनच केलेलं मांडणशिल्प हा तर फार वरचा प्रकार. परदेशात त्यासाठी मोठमोठी मंडळी बोलावली जातात.

त्याने सांगितलेली एक हकीकत मला मनापासून आवडली, कारण तिचा विषय कर्जवसुलीच्या जवळचा आहे. चीनमधल्या सिच्वान प्रांतात दायी नावाचा तालुका आहे. तिथे एका जमीनदाराच्या वाड्यात १९६५ साली शिल्पकारांनी मातीच्या ११४ पुरुषभर उंचीच्या आकृत्या उभ्या केल्या. कुळं धान्याची पोती घेऊन येताहेत, जमीनदाराची माणसं मापात मारताहेत, कुणाची म्हातारी रडते आहे, असा तो खंडवसुलीचा देखावा. पुढे त्साय क्वो-च्यांग नावाच्या चिनी कलावंताने १९९९च्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तोच देखावा पुन्हा घडवायला घेतला, तोही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. लाकडाचे आणि तारेचे सांगाडे, त्यावर ओली माती, आणि भट्टी नाही. एका टोकाला आकृती घडते आहे आणि दुसऱ्या टोकाला आधीची वाळून, तडकून गळून पडते आहे. वसुली पूर्ण होण्याआधीच कुळं आणि सावकार दोघंही जमिनीवर! या कामाला तिथला सुवर्णसिंह मिळाला. आणि २००० साली, मूळ शिल्प ज्यांचं, त्या सिच्वानच्या कला अकादमीने नक्कल केली म्हणून कोर्टात जायची भाषा सुरू केली. दावा कशावर लावायचा? मुद्देमाल तर केव्हाच विरघळलेला. तारण नाहीसं झाल्यावर फाइल कशी चालवायची, हे त्यांनी आमच्या वसुली खात्याला विचारायला हवं होतं.

आमच्या गल्लीतल्या पोरांना कुणी सिंह दिला नाही. पण त्यांच्याकडे वाघ आहे, त्याच्याकडे मी येतोच.

त्याआधी मातीबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण इथे सगळी गंमत तिच्या कच्चेपणात आहे. भाजलेली माती आणि कच्ची माती यांत मुदत ठेव आणि चालू खातं यांच्याइतका फरक आहे. मडकं भट्टीत पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे तापलं की मातीच्या आत पक्कं बांधलेलं पाणी उडून जातं आणि मग ती माती राहत नाही, खापर होते. मडकं फुटेल, पण त्याचं पुन्हा चिखल होणार नाही. दोन हजार वर्षांनी संशोधक येऊन ते खापर ब्रशने पुसतील. ही झाली मुदत ठेव, तीही न मोडता येणारी. कच्च्या मातीचं तसं नाही. तिचा आज बैल करा, उद्या तांब्याभर पाणी ओता, परवा त्याच मातीचा गणपती करा. रक्कम कधीही काढता येते, कधीही भरता येते. व्याज मात्र नाही. चालू खात्याला व्याज नसतंच.

हे अर्थशास्त्र मला एका मावशींनी बाजारात शिकवलं. देशावर बऱ्याच ठिकाणी पोळा श्रावणी अमावास्येला असतो, पण आमच्या जुन्नर-आंबेगावकडे तो भाद्रपदातल्या, म्हणजे सर्वपित्रीच्या अमावास्येला. ज्यांच्या गोठ्यात आता बैलांऐवजी मोटारसायकल उभी असते, ते पूजेला मातीचे बैल नेतात. मावशी पाटीत बैलांच्या जोड्या मांडून बसल्या होत्या. बैल कच्चे, उन्हात वाळवलेले, अंगावर थोडा रंग. मी एक उचलला तर शिंगाचं टोक माझ्या हातात आलं. माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. म्हटलं, "मावशी, हे भाजून का विकत नाही? वर्षानुवर्षं टिकतील." मावशींनी माझ्याकडे, नवीन बदलून आलेल्या साहेबाकडे पाहावं तसं पाहिलं. "टिकले, तर म्होरल्या पोळ्याला मी काय विकू? आन् तुमच्या घरी बैलांचा ढीग लागंल तो कुठं बांधाल?"

तीन वर्षं कॉलेजात बसून मागणीचा सिद्धान्त मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता. मी मोडक्या शिंगासकट जोडी घेतली.

तर आता प्रत्यक्ष समीक्षा. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत तीन किल्ले होते. पैकी पहिल्यावर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. तो दुकानातून आणलेला होता. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, एकसंध, रंगवलेला, बुरुजाला हिरव्या रंगाचा शेवाळी फवारा मारलेला. दुपारी चारला रिक्षातून उतरला आणि चार वाजून पाच मिनिटांनी स्वराज्य स्थापन झालं. त्या घरातला मुलगा पाच मिनिटं त्याच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग दुसऱ्यांच्या किल्ल्यावर चिखल कालवायला निघून गेला. यापेक्षा कडक अभिप्राय मी देऊ शकत नाही.

दुसरा किल्ला एका उत्साही वडिलांचा होता. मुलांचा म्हणत नाही, वडिलांचाच. दर वर्षी माती आणा, गोणपाट शोधा, अंगण घाण करा, या कटकटीला कंटाळून त्यांनी आदल्या वर्षी दोन पोती सिमेंट आणि गवंडी लावून अंगणात कायमचा किल्ला बांधून घेतला होता. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय बिनचूक. आम्ही याला भांडवली खर्च म्हणतो. एकदाच करायचा आणि दहा वर्षं घसारा काढत बसायचं. पहिल्या दिवाळीला तो किल्ला पाहायला अर्धं जुन्नर आलं. दुसऱ्या दिवाळीला वडिलांनी तो बादलीभर पाण्याने धुतला, मावळे मांडले आणि मुलांना हाक मारली. मुलं आली, "छान आहे" म्हणाली. झालं. करायला काही शिल्लकच नव्हतं. सगळी दिवाळी तो किल्ला दारात बंदोबस्ताच्या पोलिसासारखा उभा. पुढच्या पाडव्याला वडील स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन एका बाजूची माची फोडताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "जरा डागडुजी." डागडुजीसाठी आधी फोडावं लागतं, हे सिमेंटचं वैशिष्ट्य आहे. मातीला ते लागत नाही.

तिसरा किल्ला म्हणजे खरी कलाकृती, आणि तिच्याबद्दल मी सावकाश लिहिणार आहे.

तिचा पाया दोन पाट, चौदा विटा, एक फुटकी कुंडी आणि मोडक्या खुर्चीचा एक पाय असा होता. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरलं होतं. गोणपाटाला पडलेल्या सुरकुत्या म्हणजे सह्याद्रीच्या डोंगररांगा. या सुरकुत्या कुणी पाडत नाही, त्या पडतात, आणि कलेतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे त्या पडल्यावर त्यांना हात न लावणं. ते या मंडळाला साधलं होतं. माती दोन जातींची होती. कुकडीकाठची काळी आणि कुणाच्या तरी बांधकामावरून उचललेली तांबडी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. नुसत्या काळ्या मातीचा बुरुज दुसऱ्या दिवशी उन्हात असा तडकतो की तोफेची गरज नाही. नुसत्या तांबड्या मातीचा भुसभुशीत होऊन पायथ्याशी ओघळतो. म्हणून दोन्ही कालवायच्या आणि त्यात गव्हाचा भुसा, वाळलेलं बारीक गवत किंवा थोडं शेण घालायचं. कुंभार मातीत लीद आणि राख घालतो ते याच कारणाने. मंडळाचा प्रमुख, वय वर्षं अकरा, चिखलाचा गोळा मुठीत दाबून उघडायचा, त्यावर बोटांचे ठसे कसे उमटलेत ते पाहायचा आणि फक्त "अजून भुसा" एवढंच म्हणायचा. आमच्या शाखाधिकारी साहेबांना कर्जप्रकरण पाहून इतक्या कमी शब्दांत निर्णय देताना मी अजून पाहिलेलं नाही.

मग हिरवळ. हे काम वेळेचं आहे आणि मांडणीपेक्षाही बारकाईचं आहे. अळीव, काहींच्या भाषेत हळीव, पाण्यात पडले की त्यांच्यावर बुळबुळीत थर येतो आणि ते कशालाही चिकटतात. त्यामुळे उभ्या कड्यावरसुद्धा ते राहतात. मोहरी घरंगळून खंदकात जमा होते. अळीव आधी पेरले तर लक्ष्मीपूजनालाच पिवळे पडतात, उशिरा पेरले तर भाऊबीजेला पाहुणे येतात तेव्हा गडाला नुकतं मिसरूड फुटलेलं असतं. वसुबारसेला पेरायचे आणि रोज बोटांनी शिंपडायचे, तांब्याने ओतायचे नाहीत. आता खरी गोम पाहा. अळिवाची मुळं आधी माती धरून ठेवतात, आणि तीच पुढे बुरुज फोडतात. गडाची शोभा आणि गडाचा अंत एकाच मुठीने पेरलेला असतो. भाचा यावर बराच वेळ बोलला. मंडळाला त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी पुढच्या बाजूला जरा कमी पेरलं होतं, कारण पुढचा बुरुज भाऊबीजेपर्यंत टिकायला हवा होता.

आता वाघ. परंपरेनुसार किल्ल्याच्या पायथ्याच्या गुहेत वाघ असतो आणि तो महादरवाजापेक्षा मोठा असतो. पुण्याकडचे काही शिस्तीचे लोक याला प्रमाणदोष म्हणतात. माझ्या मते पुण्याला तो दोष असेल, जुन्नरला नाही. ज्या तालुक्यात रात्री उसाला पाणी द्यायला जाताना माणूस बॅटरी, काठी आणि सोबत घेऊन निघतो, आणि जिथे माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र आहे, तिथल्या मुलाच्या मनात तो प्राणी दरवाजापेक्षा मोठाच असणार. या मंडळाने वाघाच्या पट्ट्यांवर काळे ठिपके देऊन त्याचा बिबट्या केला होता. पट्टे आणि ठिपके दोन्ही असलेला असा प्राणी जगात दुसरीकडे नसेल. मी याला वास्तववाद म्हणतो.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर शिवनेरी दिसतो. तिथेच १६३० साली शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. सात दरवाजे, शिवाईचं देऊळ, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, कडेलोट, सगळं समोर. नमुना इतका हाताशी असताना या मंडळाने केला होता रायगड! मी म्हटलं, "अरे, शिवनेरी का नाही केला?" प्रमुखाने चिखलाचा हात कपाळाला पुसला. "काका, शिवनेरी आहे ना." आणि लगेच, "पाय मागे घ्या, खंदक ओला आहे."

पुस्तकांत कलेच्या व्याख्या पुष्कळ असतात. मी खंदकातून पाय मागे घेतला.

दगड आणि चिखल यांचं हे नातं आमच्या भागात पूर्वीपासूनचं दिसतं. जुन्नरहून थोडं पुढे गेलं की लेण्याद्री. दोन हजार वर्षांच्या आसपासची, कड्यात कोरलेली बौद्ध लेणी, तीनशेच्या आसपास पायऱ्या, अर्ध्यावर बसून "हे वय नाही राहिलं" म्हणणारे यात्रेकरू. त्यातल्या सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज. गंमत अशी की देऊळ अख्ख्या कातळात आणि कथा मात्र चिखलाची. पार्वतीने इथे बारा वर्षं तप केलं, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मातीची मूर्ती करून पुजली आणि तिच्यातून गणपती बाळरूपात प्रकटला, अशी ती कथा. म्हणजे देवाची पहिली मूर्तीसुद्धा न भाजलेली. आपण दर वर्षी तेच करतो. पार्थिव गणपती आणायचा, दीड दिवस किंवा दहा दिवस ठेवायचा आणि पाण्यात सोडायचा. शाडूची मूर्ती पाण्यात काही तासांत बसते. मध्यंतरी आपल्याला वाटलं की प्लास्टर हलकं, स्वस्त आणि सुबक. ते खरंही होतं. फक्त ते विरघळायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी नदीकाठी जे दिसायचं ते वर्णन करण्याजोगं नाही. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या, मग पोटापाण्याचे प्रश्न आले, कोर्टकचेऱ्या आल्या. त्या वादात मी पडत नाही, मूर्तिकारांच्या कर्जाचे हप्ते मी स्वतः भरून घेतलेले आहेत. समीक्षक म्हणून माझा आक्षेप वेगळा आहे. विसर्जन हा त्या कलाकृतीचा शेवटचा भाग आहे. प्लास्टरच्या मूर्तीला तो भाग येतच नाही. नाटकाचा पडदा पडावा आणि नट मात्र तसाच खुर्चीत बसून राहावा, तसं ते होतं.

कुणी म्हणेल, टिकणं हाच कलेचा निकष असेल तर दगड बरा. म्हणून नाणेघाटाचं सांगतो. घाटमाथ्यावर सातवाहनांच्या काळचं लेणं आहे, भिंतींवर ब्राह्मीत कोरलेला लेख आहे. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. आमच्या धंद्यातला तो अगदी जुना कॅश काउंटर, म्हणून मी प्रत्येक वेळी त्याला नमस्कार करतो. या लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या आकृत्या कोरलेल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र, सगळे रांगेत. आकृत्या आता नाहीत. वरची नावं आहेत. साहेब बदलून गेले आणि दारावर पाटी राहिली, असं आमच्या कचेरीत नेहमी होतं, पण दोन हजार वर्षं कुणी पाटी काढली नाही असं नाही झालेलं. सांगायचं एवढंच की घसारा दगडालाही आहे. घसारा काढायच्या दोन पद्धती असतात. एकीत दर वर्षी सारखी रक्कम उतरते आणि ठरल्या दिवशी वस्तू शून्यावर येते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी लागते, त्यामुळे वस्तू लहान लहान होत जाते पण शून्य कधीच होत नाही. दगडाला दुसरी पद्धत. चिखलाच्या किल्ल्याला तिसरी, जी कॉलेजात शिकवत नाहीत: पहिल्याच वर्षी शंभर टक्के.

इथे मला जरा आवाज खाली घेतला पाहिजे. भाच्याच्या पुस्तकांत अशा कलेबद्दल एक वाक्य सारखं येतं, माती शेवटी मातीला मिळते, या अर्थाचं. व्हेनिसमध्ये ते वाचायला बरं वाटत असेल. आमच्याकडे ते जपून वापरावं. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४च्या सकाळी पावसाने फुगलेला डोंगर माळीण गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं त्याखाली गेली. त्याच तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं आणि ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते गावच पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावला, गाव पाण्यात, नाव कागदावर. कर्जाच्या अर्जावर 'तालुका आंबेगाव' असं लिहिताना माझं पेन दर वेळी क्षणभर थांबतं. इथल्या माणसाला माती आणि पाणी मिळून काय करू शकतात हे कुणी प्रदर्शनात दाखवायची गरज नाही. म्हणून मला त्या पोरांचं विशेष वाटलं. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी पाहणार नाही तिथे, त्यांनी बोटाने चर ओढून पाणी बाहेर काढलं होतं. मी विचारलं, हे कशाला? "पाणी मुरलं की डोंगर बसतो." यावर मी काही बोललो नाही. भाचाही बोलला नाही.

आता किल्ला पडतो कसा, ते. चांगला कच्चा किल्ला एकदम पडत नाही. त्याला क्रम असतो, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षा भाऊबीजेनंतरच होते. आधी मावळे कलतात. मग तटाची वरची रेघ जाते. ती पातळ असते आणि दुपारचं ऊन तिला सोसत नाही. मग अळीव आडवे होतात. मांजर बालेकिल्ल्यावर झोपून जातं, त्याने सिंहासनाचा प्रश्न निकालात निघतो. मुख्य बुरुज मात्र शेवटपर्यंत उभा राहिला पाहिजे, थोडा खचलेला पण उभा. या किल्ल्याचा राहिला. ज्या बाजूला अळीव कमी पेरले होते तीच बाजू सगळ्यांत शेवटी गेली. मी याला दहापैकी नऊ गुण देतो. एक गुण वाघाच्या पट्ट्यांसाठी राखून ठेवला आहे.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाने खातं बंद केलं. मी ऑफिसला निघालो तेव्हा काम चालू होतं. विटा मोजून ज्याच्या त्याला परत गेल्या, चौदाच्या चौदा. गोणपाट झटकून किराणा दुकानात गेलं. खुर्चीचा पाय खुर्चीला परत लागला नाही, पण खुर्चीच्या मालकिणीला दिला गेला. तिने तो बंबात घातला. माती दोन घमेली निघाली. एक समोरच्या आजींनी तुळशीच्या कुंडीत टाकायला मागून घेतलं, दुसरं जास्वंदीच्या आळ्यात गेलं. बिबट्याला चिंधीत गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं. मग मावळे मोजायला घेतले. बावीस मांडले होते, वीस भरले. रोकड कमी भरली की आमच्याकडे जशी शांतता पसरते तशी शांतता पसरली. प्रमुखाने सगळ्यांना पुन्हा कामाला लावलं. एक आजींच्या घमेल्यात सापडला, भाल्याविना. दुसऱ्याचा शोध मी संध्याकाळी परत आलो तेव्हाही चालू होता.